मुलगा वर्षभर जर्मनीत दुसऱ्यांच्या घरी राहिला, आता निघताना त्या लोकांना काय द्यायचं, काय म्हणायचं?

सूरसागरकाठची:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव दहावीनंतर एक्स्चेंज प्रोग्राममधून वर्षभरासाठी जर्मनीला गेलेत, फ्रायबुर्गजवळ एक छोटं गाव आहे तिथे, एका कुटुंबात राहतो. आई, बाबा, त्याच्याहून थोडी लहान मुलगी, एक धाकटा मुलगा आणि ओमा म्हणजे आजी. आता जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत येतोय. जाताना विमानतळावर माझा पदर धरून रडला होता (हे त्याला सांगू नका) आणि आता परवा फोनवर म्हणतो आई एक महिना अजून मिळाला असता तर. मी हो रे हो रे केलं आणि फोन ठेवल्यावर भाजी करपवली.

प्रश्न असे की एक, त्या लोकांना आमच्याकडून काय पाठवायचं, कारण वर्षभर पोराला जेवूखाऊ घातलं, शाळेत सोडलं, आजारपण काढलं, त्याची परतफेड एका साडीच्या बॉक्सने होईल असं मला वाटत नाही आणि ती बाई साडी नेसणार कुठे. दोन, आपण स्वतः जाऊन त्यांना भेटून मुलाला घेऊन यावं का? मिस्टर म्हणतात खर्च बघ. तीन, आणि हे जरा खाजगी आहे, मला त्या बाईचा हेवा वाटतो. आहे हे असं आहे. कुणाला असं झालंय का?

खमण_चटणीसकट:
ताई सोप्पं आहे, बडोद्याचं माणूस काय पाठवणार, दुलीरामचे पेंडे, लीलो चिवडो, भाखरवडी, वरतून केसर आंब्याची पेटी. जर्मनीत जलसा!! परतफेड व्याजासकट.

फ्रांकफुर्टची_वहिनी:
थांबा थांबा थांबा. पेंडे आणि आंबे दोन्ही नकोत. मी मूळची दांडिया बाजारातली, आता इथे खूप वर्षं आहे, सांगते नीट ऐका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून किंवा पार्सलने आणायला बंदी आहे, पेंडा बर्फी श्रीखंड सगळं त्यात येतं, धरलं तर फेकतात आणि वर दंड होऊ शकतो. आंब्याला रोगकीड नाही असा सरकारी दाखला लागतो, दाखल्याशिवाय चालणारी फळं म्हणजे केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन, बस. तेव्हा लीलो चिवडो आणि भाखरवडी जिंदाबाद, पण पाकिटावर घटक छापलेले असू देत.

पार्सलने भेट पाठवत असाल तर माणसाने माणसाला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट विनाकर जाते, त्यावर किंमत गेली की कस्टमवाले त्या बिचाऱ्या बाईलाच पैसे भरायला लावतील, म्हणजे भेट तुमची आणि भुर्दंड तिला.

आणि मुलाला सांगा निघायच्या आधी त्या गावच्या नगरपालिकेत जाऊन नाव कमी करायचं, आबमेल्डुंग म्हणतात त्याला, जायच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत व्हायलाच लागतं. बँक खातं उघडलं असेल तर बंद करायचं, मोबाइलचा करार असेल तर तो आधीच तोडायचा, वाचनालयाची पुस्तकं. ही मागची झाडलोट त्या लोकांच्या गळ्यात टाकून येणं हा सगळ्यात वाईट निरोप. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलगी गेल्यावर पुढे किती दिवस तिच्या नावाने बिलं येत होती.

फुलं द्यायची असतील तर विषम संख्या, लाल गुलाब नकोत (त्याचा अर्थ वेगळा होतो) आणि कागद काढून द्यायची.

सूरसागरकाठची:
@फ्रांकफुर्टची_वहिनी देवासारख्या आलात हो. पेंड्यांचं मी खरंच सांगून ठेवलं होतं दुकानात. मग कायमचं राहील असं काय? मी संखेड्याची लाखकामाची टिपरी आणि एक छोटी पेटी असं डोक्यात आणलंय, हलकी पण आहे.

फ्रांकफुर्टची_वहिनी:
मस्त ने. लाल सोनेरी काम बघून इथले लोक खुळे होतात. पण टिपऱ्या देणार तर मुलाने दोन तास बसून त्यांना चार ताल शिकवायचे, नुसत्या भिंतीवर टांगायला देऊ नका.

रावपुरा_रिटर्न्स:
मी स्वतः गेलेलो एक्स्चेंजला, ब्राझील, रोटरीतून. तिथे साधारण वर्षात तीन घरं बदलतात, म्हणजे निरोपाचा सराव होतो असं लोकांना वाटतं पण उलट आहे, तीन वेळा तेच.

मुद्द्याचं सांगतो. दुसरा प्रश्न तर निकालात, घ्यायला जाऊ नका. बहुतेक प्रोग्राम आईबापांनी येणं टाळायलाच सांगतात, परतीचं विमानही बहुधा ग्रुपचं असतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी शेवटचा आठवडा त्या घराचा आणि त्याचा आहे. तुम्ही तिथे गेलात की तो तुमचा दुभाष्या होणार, तुम्हाला पाणी कुठे टॉयलेट कुठे दाखवत बसणार आणि त्या लोकांना तुमची सरबराई करावी लागणार. तुम्ही नंतर जा, दिवाळीनंतर जा, पाच वर्षांनी जा.

मुलाला काय सांगायचं. एक, शेवटच्या आठवड्यात मित्रांबरोबर पार्ट्या करत हिंडू नको, संध्याकाळचं जेवण घरी. मी पहिल्या घरी शेवटच्या आठवड्यात घरीच जेवलो, पण माझ्याबरोबरचा एक मुलगा बाहेरच हिंडत राहिला आणि त्याच्या होस्ट आईने शेवटचा केक एकटीने कापला हे मी पाहिलंय. दोन, खोली. चादरी उश्यांचे अभ्रे स्वतः काढून मशीनला, कपाट पुसायचं, किल्ली हातात द्यायची, टेबलावर ठेवून निघायचं नाही. जाड कोट बूट "राहू दे इथेच" करून टाकून येतात पोरं, विचारून ठेवायचं, धाकट्याला होणार असेल तर त्याला आधी घालून बघायचं. (बडोद्याच्या उन्हाळ्यात त्या कोटाचं काय लोणचं घालणार, हे खरंय.) तीन, प्रत्येकाला वेगळा निरोप, बाबांना वेगळा, ओमाला वेगळा, धाकट्याला तर नक्कीच वेगळा, कारण लहान भावंडांना कुणी काही समजावून सांगत नाही, एक दिवस मोठा दादा येतो आणि एक दिवस नाहीसा होतो.

आणि एक न मागितलेला सल्ला, इथे वाचणाऱ्या दुसऱ्यांसाठी. सगळीच घरं जुळतात असं नाही. माझं तिसरं घर नाही जुळलं, त्यांनी खाऊपिऊ व्यवस्थित घातलं पण गप्पा नाहीत, मी माझ्या खोलीत ते त्यांच्या. तिथे मी गळ्यात पडून रडण्याचं नाटक नाही केलं. पहाटेच्या बसला सोडायला त्यांचे बाबा रोज लवकर उठायचे तेवढ्याबद्दल बसून नीट थँक्यू म्हणलं, ते खरं होतं, आणि त्यांना ते आवडलं असं वाटलं मला.

परखड_पेन्शनर:
वाचतोय. एवढं काय त्यात कळत नाही. पैसे घेतात ते लोक, खोली भाड्याने देतात. आमचा पुतण्या कॅनडात राहिला होता, महिन्याला मोजून डॉलर द्यायचा आणि फ्रिजला हात लावलेला चालायचा नाही. आमच्या लोकांना परदेशी माणसाने साधा भात वाढला की गहिवरून येतं. बाकी चालू द्या.

रावपुरा_रिटर्न्स:
काका दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषाशाळा, कॉलेजवाले जे होमस्टे देतात तिथे पैसे देतातच, इंग्लंड कॅनडात तर सर्रास. पण एएफएस, रोटरी असल्या शालेय एक्स्चेंजमध्ये होस्ट कुटुंबाला पैसे देत नाहीत. अमेरिकेत तर सरकारी नियमच आहे की हायस्कूल एक्स्चेंजच्या होस्टला मोबदला द्यायचा नाही, फार तर महिन्याला ५० डॉलरपर्यंत खर्च टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून वजा दाखवता येतो. ५० डॉलरमध्ये सोळा वर्षाचा मुलगा किती दिवस जेवतो ते तुम्हीच सांगा.

एएफएसचा तर उगमच बघा, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी वाहणारे अमेरिकन रुग्णवाहिकावाले होते, १९१५ पासून, आणि दुसरं युद्ध संपल्यावर त्याच लोकांनी ठरवलं की मुलांना एकमेकांच्या घरी राहायला पाठवू, १९४७ पासून. ज्यांनी युद्ध पाहिलं त्यांना हॉटेलं बांधावीशी वाटली नाहीत, घरं उघडावीशी वाटली. मला ते भारी वाटतं.

परखड_पेन्शनर:
बरं. मोबदला नाही हे माहीत नव्हतं. पण फ्रिजचं मी पाहिलंय ते पाहिलंय.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक:
आता मी उलट बाजूने लिहिते कारण इथे सगळे पाठवणारे दिसतायत, आम्ही ठेवून घेणारे. आमच्याकडे बेल्जियमची एक मुलगी राहिली होती जवळपास शाळेचं वर्षभर. नाव नाही लिहीत.

पहिले दोन महिने मला वैताग आला होता, खरं सांगते. आंघोळीला बादली म्हणजे काय इथपासून सुरुवात. पोळी तव्यावरून उतरली की लगेच खायची हे तिला पटेना, सगळे एकत्र बसेपर्यंत ही थांबणार आणि पोळ्या गार होणार आणि सासूबाई चिडणार. मग नवरात्र आली, तिला चणिया चोळी शिवली, आमच्या फळियातल्या पोरींनी तिला असा गरबा शिकवला की शेवटच्या रात्री ती पहाटे पाय सुजवून आली आणि ओटल्यावर बसून आमच्याशी गुजराती-मराठी-इंग्रजी अशी खिचडी बोलत होती. त्या दिवसापासून ती आमची.

निघायच्या आदल्या दिवशी तिने काय केलं ते सांगते. सकाळपासून एकटीच बाहेर. मला वाटलं खरेदीला गेली. तर ही दूधवाल्या भाईला, कोपऱ्यावरच्या सेव उसळवाल्याला, गरब्याच्या क्लासला, खंडेराव मार्केटमध्ये जी मावशी तिला मेथी निवडायला शिकवायची तिला, प्रत्येकाला जाऊन "उद्या जाते" म्हणून सांगून आली. मला पुढे आठवडाभर भाजीला गेलं की लोक विचारायचे, पोहोचली का बेन? अख्ख्या गल्लीने तिला सोडलं, मी एकटीने नाही, त्यामुळे मला ते जड नाही गेलं तितकं. आणि सासूबाईंना तिने एक वही दिली, त्यात त्यांच्याकडून शिकलेल्या सगळ्या भाज्या आमट्या तिच्या अक्षरात, चित्रं काढून, प्रमाण "आजीची मूठ" असं लिहिलेलं. सासूबाई आता नाहीत. वही आहे.

गेल्यावर मात्र खूप दिवस तिचा मेसेज नाही. मला राग आला, मग वाईट वाटलं. मग दिवाळीला भला मोठा मेसेज आला की मला तुमची इतकी आठवण यायची की फोटो बघितले की रडू यायचं म्हणून मी उघडतच नव्हते. तेव्हा सूरसागरकाठची ताई, तुमचा मुलगा पण परत आल्यावर दोन महिने तिकडे फोन करणार नाही असं होऊ शकतं, तेव्हा तुम्ही त्या बाईला एक ओळ पाठवून द्या की ठीक आहे, जेवतोय. बस तेवढंच हवं असतं आम्हाला.

आणि हेव्याचं. अहो मला त्या बेल्जियमच्या आईचा हेवा वाटायचा! मुलगी रविवारी तिच्याशी बोलायला बसली की दार लोटून घ्यायची. तिकडची तुमच्यावर जळत असेल बघा.

सूरसागरकाठची:
काकू तुम्ही मला हसवलंत आणि रडवलंत. दार लोटून घेणं… हो, आमचाही रविवारीच करतो.

नवं_न्यायमंदिर:
विषयांतर वाटलं तर सोडून द्या. बडोद्याच्या लोकांनी परदेशी शिकून आलेल्याला घरात घेण्याबद्दल बोलताना १९१७ विसरू नये असं मला वाटतं. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंड, करार असा की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. परत आले, बडोद्यात नोकरीवर रुजू झाले आणि राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, काही दिवसांत लोक काठ्या घेऊन आले, निघ म्हणून. मित्रांकडे गेले, एक हिंदू एक ख्रिस्ती, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले आणि मुंबईची गाडी पकडली. आज तिथे त्याची आठवण म्हणून संकल्प भूमी आहे.

ज्या माणसाला परक्या देशात खोली मिळत होती त्याला इथे नाही मिळाली. तेव्हा कुणी अनोळखी पोराला वर्षभर आपल्या टेबलावर बसवतं ही साधी गोष्ट नाही, पेन्शनर काका. एवढंच.

परखड_पेन्शनर:
मी रोज सकाळी त्या बाजूने फिरायला जातो. वाद घालणार नाही.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक:
विषयांतर नाहीच हे. आमच्या सोसायटीत त्या मुलीच्या वेळी कुणी काही बोललं नाही, उलट सेल्फी काढायला यायचे, गोरी होती ना. पुढच्या वर्षी प्रोग्रामवाल्यांनी घाना देशाच्या मुलाबद्दल विचारलं तेव्हा मात्र कमिटीची मीटिंग बसली. मटण शिजवणार का, मित्र येतील का, किती वाजता येईल. शेवटी आम्ही घरचे मालक म्हणून ठेवून घेतला, आणि तो इतका शिस्तीचा निघाला की कमिटीवाल्यांच्या मुलांना फुटबॉल शिकवून गेला. पण मीटिंग बसली हे मी विसरत नाही.

सूरसागरकाठची:
हे सगळं वाचून रात्री पत्र लिहायला बसले. तो तिथेच वाचून दाखवेल, किंवा इथे आमच्या ओळखीच्या जर्मन शिकवणाऱ्या बाई आहेत त्या भाषांतर करून देतील. कसं वाटतं सांगा.

"माननीय, आपण आमच्या मुलाला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळलेत. आपले हे ऋण आम्ही सात जन्मांतही फेडू शकणार नाही. आपल्या प्रेमळ छत्रछायेखाली त्याचे व्यक्तिमत्त्व बहरले. त्याच्या हातून काही चुकले असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा असावी. आपले कुटुंब सदैव सुखी राहो हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

रावपुरा_रिटर्न्स:
ताई रागावू नका, हे शाळेच्या निरोप समारंभाचं भाषण झालं. यात तुमचा मुलगा कुठाय? हे पत्र कुठल्याही मुलाच्या आईने कुठल्याही बाईला लिहिलं तरी चालेल.

फ्रांकफुर्टची_वहिनी:
सहमत. आणि सात जन्म वगैरे जर्मन माणसाला वाचून घाबरायला होईल, त्यांना वाटेल आपण काहीतरी भलतंच ओझं टाकलं या बाईवर. क्षमा पण काढा, त्यांना वाटेल मुलाने काहीतरी फोडलंय जे त्यांना अजून कळलं नाही. आणि मुलाकडून भाषांतर अजिबात नको, स्वतःबद्दलचं स्वतः काय वाचून दाखवणार तो. त्या बाईंकडूनच करून घ्या. पण मराठीतलं पण तुमच्या हातानेच लिहून सोबत ठेवा, त्यांना वाचता येणार नाही तरी.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक:
ताई, एक विचारू? त्या घरात असं काय झालं जे तुम्ही इथे बसून ऐकलंत आणि तुम्हाला वाटलं की बरं झालं तो तिथे आहे?

सूरसागरकाठची:
आता लिहिते. जानेवारीत माझे सासरे गेले. अचानक. मुलाचा त्यांच्यावर फार जीव, रोज त्यांच्याबरोबर सूरसागर तलावाला फेरी असायची लहानपणी. आम्ही त्याला बोलावलं नाही, तिकीट, शाळा, आणि तो पोहोचेपर्यंत सगळं उरकलंच असतं. खासवाडीच्या स्मशानातून सगळे परत आल्यावर मिस्टरांनी फोन केला. मी बोलू शकले नाही.

नंतर मला त्याच्याकडून तुकड्या तुकड्यांनी कळलं. त्या रात्री होस्ट बाबा त्याला घेऊन बाहेर चालायला गेले, बर्फात, किती तरी वेळ, काही बोलले नाहीत फारसे. घरी आले तर आईने जेवण गरम ठेवलं होतं आणि टेबलावर एक मेणबत्ती लावली होती. ओमाने त्याला विचारलं, तुझे आजोबा काय करायचे, आणि त्याने सांगितलं रेल्वेत होते, तिकीटचेकर, मग ती म्हणाली अजून सांग. आणि तो रात्री उशिरापर्यंत मोडक्या जर्मनमध्ये आमच्या घरातल्या गोष्टी सांगत बसला. धाकटा मांडीवर झोपला म्हणे त्याच्या. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवलं नाही आणि त्या बाईने मला फक्त एवढा मेसेज केला, जेवला आहे, झोपला आहे.

मी त्यावर थँक्यू इमोजी पाठवला होता. तेवढाच.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक:
हे लिहा. बाकी काही नको.

नवं_न्यायमंदिर:
हेच लिहा.

फ्रांकफुर्टची_वहिनी:
ऑफिसात बसून डोळे पुसतेय, शेजारचा विचारतोय काय झालं. लिहा.

सूरसागरकाठची:
दुसरी आवृत्ती. बाईंना दाखवली, त्या म्हणाल्या एका दिवसात करून देते.

"नमस्कार. जानेवारीत माझे सासरे गेले त्या रात्री तुम्ही माझ्या मुलाबरोबर होतात आणि मी नव्हते. तुम्ही त्याला बाहेर फिरायला नेलंत, जेवण गरम ठेवलंत, आणि आजींनी त्याला आजोबांबद्दल विचारलं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की नातेवाईक येऊन बसतात, रडतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. तो एकटा राहील या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. तुमचा मेसेज आला तेव्हा मी झोपले. त्या दिवशी मी तुम्हाला नीट काही लिहिलं नाही, ते आज लिहिते आहे. तो तुम्हाला सोडून येताना रडेल. त्याला रडू द्या, आम्ही इथे आहोत. आमचं घर तलावाजवळ आहे, दार अरुंद आहे पण उघडं असतं. या."

रावपुरा_रिटर्न्स:
एक शब्द बदलू नका.

परखड_पेन्शनर:
पत्र चांगलं आहे. "दार अरुंद आहे" कशाला, पण राहू दे.

खमण_चटणीसकट:
आणि चिवडो??

सूरसागरकाठची:
चिवडो गेला भाऊ, दोन किलो, बरोबर भाखरवडी. इथून एक मैत्रिणीची मुलगी स्टुटगार्टला शिकायला जात होती तिच्याबरोबर पेटी, टिपऱ्या आणि पत्र. तिच्या बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा तिने स्वतःची जीन्स काढली पण चिवडो नाही काढला, बडोद्याचीच ती.

(काही दिवसांनी)

सूरसागरकाठची:
अपडेट द्यायचा राहिला. चिरंजीव सुखरूप पोहोचले. मुंबईला ग्रुप उतरला, तिथून ट्रेन. उंच झालाय, आवाज बदललाय, आणि घरात शिरल्या शिरल्या बूट काढून रांगेत लावले, मी आणि मिस्टर एकमेकांकडे बघत राहिलो.

तिकडचं असं झालं. नगरपालिकेचं वगैरे सगळं त्याने केलं, कोट धाकट्याला दिला, दोन वर्षांनी होईल. शेवटच्या रविवारी अंगणात शेजारीपाजारी बोलावले होते, याने दालभात आणि बटाट्याची भाजी केली एवढ्या लोकांची, टिपऱ्या शिकवल्या, होस्ट बाबांनी एक टिपरी ओमाच्या चष्म्यावर मारली, चष्मा वाचला. पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाचलं, बाबांनी मोठ्याने, आणि मग ओमाने मराठीतलं हातात घेऊन विचारलं यातलं आजोबा कुठे लिहिलंय. याने बोट ठेवून दाखवलं. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सगळे आले होते, ट्रेनने, ओमासकट. तो म्हणाला आई मी रडलो, आणि बाबा पण रडले, आणि मग बाबांनी मला पार्किंगबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण आम्ही तर ट्रेनने आलो होतो.

आणि त्या बाईचं उत्तर आलंय, त्याने वाचून दाखवलं. लिहिलंय की तुमचा मुलगा चांगला आहे पण ओला टॉवेल पलंगावर टाकायची सवय मला मोडता आली नाही, आता तुम्ही बघा.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक:
हाहाहा! जगात सगळीकडे ओला टॉवेल.

सूरसागरकाठची:
आता खरी बातमी. ते येतायत! पुढच्या जानेवारीत, चौघं, ओमाचं अजून नक्की नाही. मी आधी म्हणलं नवरात्रीत या, पण त्यांच्या मुलांच्या सुट्ट्या जमत नाहीत, मग उत्तरायण धरलं, म्हणजे संक्रांतीचे पतंग. कुणी सांगेल का व्हिसाचं आणि बाकी काय काय दाखवावं?

फ्रांकफुर्टची_वहिनी:
जर्मन पासपोर्टला भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो, अहमदाबाद विमानतळावर चालतो. फक्त अधिकृत सरकारी साइटवरूनच करायला सांगा, नकली साइट फार आहेत, दामदुप्पट घेतात. अहमदाबादहून एक्सप्रेसवेने दीड दोन तासात बडोदं.

नवं_न्यायमंदिर:
लक्ष्मी विलास राजवाडा दाखवालच, पण म्युझियमला नक्की न्या. हर्मन गोट्झ नावाचे जर्मन कलेतिहासकार १९४० च्या दशकात बडोदा म्युझियम सांभाळायचे. आणि सयाजीरावांच्या बागा लावायला क्रुम्बिगेल म्हणून एक जर्मन १८९३ मध्ये आला होता, पुढे तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळुरूच्या लालबागेचा झाला. संकल्प भूमी पण दाखवा आणि मुलालाच सांगू दे ती गोष्ट.

रावपुरा_रिटर्न्स:
पतंगाचं लक्षात ठेवा, त्यांच्या बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा, मांजा काय असतो हे त्यांना माहीत नाही. चायनीज दोरी अजिबात नको. उंधियू पहिल्या दिवशी थोडाच वाढा, पोटं बसायला वेळ लागतो. आणि चौदा तारखेला शहरात गाडी घेऊन फिरू नका, पंधराला वासी उत्तरायण आहेच, तेव्हा पण नका.

सूरसागरकाठची:
आमची गच्ची लहान आहे हो आणि शेजारी मोबाइलचा टॉवर, पतंग तिथेच अडकतात सगळे.

परखड_पेन्शनर:
आमची अगाशी मोठी आहे, रावपुऱ्यात, चौथ्या मजल्यावर, आजूबाजूला टॉवर नाही. सगळ्यांना घेऊन या. फिरक्या मात्र ज्याच्या त्याने आणायच्या, मी देणार नाही.